शाळूचा पाऊस

जून कोरडा गेला म्हणून आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात कुणी हाय खात नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे फोनवर विचारतात, "काय, झाला का पाऊस?" आम्ही सांगतो, "आमचा अजून यायचाय." त्यांना वाटतं, गावाकडची माणसं आशेवर जगतात. तसं नाही. आमचा पाऊस खरोखरच तेव्हा यायचा नसतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही नक्षत्रं कोकणाची, घाटमाथ्याची, विदर्भाची. आमची नक्षत्रं चार : उत्तरा, हस्त, चित्रा आणि स्वाती. साधारण 13 सप्टेंबरला उत्तरा लागतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वाती संपतं. या आठ आठवड्यांत आमच्या घरात वर्षभर भाकरी राहणार की नाही, ते ठरतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरची नऊ एकर काळी जमीन आहे, सगळी जिरायत. ती धाकटे भाऊजी बघतात आणि सुट्टीच्या दिवशी मीही रानात असते. त्यामुळे या पावसाकडे मी दोन बाजूंनी बघते, एक शिवारातून आणि दुसरी वर्गाच्या हजेरीपटावरून. हजेरीपटाचं नंतर सांगते. आधी हा पाऊस इतका उशिरा का येतो ते सांगायला हवं, कारण शिकल्या-सवरलेल्या माणसांनाही ते ठाऊक नसतं.

जून ते ऑगस्टमध्ये नैर्ऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि तिथंच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेदेखील धड पडत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, मंगळवेढा हा सगळा पट्टा डोंगराच्या सावलीतला. सोलापूर जिल्ह्याची सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात, आणि त्यातही सर्वांत ओला महिना सप्टेंबर. तेव्हा वाऱ्याची दिशा बदललेली असते. नैर्ऋत्येचा जोर ओसरतो, दुपारपर्यंत ऊन तापतं, पूर्वेकडून दमट वारं येतं आणि संध्याकाळी उगवतीला काळंभोर आभाळ उभं राहतं. बंगालच्या उपसागरातला एखादा कमी दाबाचा पट्टा आंध्र-तेलंगणावरून सरकत आला, तर दोन-तीन दिवस धो-धो पडतो. हवामान खात्याच्या हिशेबानं 17 सप्टेंबरला राजस्थानातून मान्सून माघारी फिरायला लागतो आणि 15 ऑक्टोबरपर्यंत देशातून जातो. म्हणजे बाकीच्यांचा पाऊस आवरता घेतो, तेव्हा आमची शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी सुरू होते.

आणि तेवढ्यावर पीक येतं ते जमिनीच्या जोरावर. आमची काळी पुरुषभर खोल आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात त्या इतक्या रुंद, की शेळीचा पाय अडकून मोडतो. ही बसाल्टच्या खडकापासून झालेली चिकणमाती. पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. पहिला जोराचा पाऊस भेगांतून थेट तळाशी जातो, मग माती फुगून भेगा मिटतात आणि पाणी आत कोंडलं जातं. अशा एक मीटर खोल मातीत पिकाच्या मुळांना ओढता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी साठतं. चौथीच्या वर्गात मी याचं गणित घालते. एक एकर म्हणजे सुमारे 4047 चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर चार हजार लिटरच्या वर पाणी. दोनशे मिलिमीटरचे आठ लाख लिटर. मग मी विचारते, गावात येणारा टँकर दहा हजार लिटरचा, तर एका एकराच्या मातीत किती टँकर मावले? ऐंशी. टँकरच्या रांगेत उभी राहिलेली पोरं हे उत्तर काढून आधी माझ्याकडे बघतात आणि मग खिडकीतून रानाकडे. आम्हाला वेगळं धरण नाही. आमचं धरण आमच्या पायाखाली आहे, आणि ते भरायला हस्ताशिवाय दुसरं कुणी नाही.

ते भरून घ्यायचंही एक तंत्र आहे. आषाढ-श्रावणात रान मोकळं दिसतं, पण ते पडीक नसतं. कुळवाच्या पाळ्या घालून तण मारायचं, मग सारा यंत्रानं रानभर चौकोनी वाफे पाडायचे, म्हणजे पडलेला पाऊस बांधाकडे न पळता जागच्या जागी मुरतो. पेरणीच्या तोंडावर ते मोडून पेरायचं. सोलापूरला 1933 पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चाललेलं आहे. उतारावर बांध घालणं, वाफ्यांत पाणी मुरवणं, ओळींत अंतर वाढवणं, कोळपून ओल राखणं या गोष्टी तिथं शास्त्रशुद्ध रीतीनं तपासल्या गेल्या. आमच्या आज्या-पणज्यांना त्यातलं बरंच हाताच्या सवयीनं माहीत होतं. तरीही मी म्हणेन, की वाफे पाडणारा शेतकरी आजही पुरेसा नाही. ट्रॅक्टरच्या तासाचं भाडं आणि "पाऊस येणारच नसेल तर कशाला खर्च" ही धास्ती, दोन्ही आड येतात.

2018 साली ती धास्ती खरी ठरली. सप्टेंबरमध्ये आभाळ भरून यायचं आणि रात्रीत निवळून जायचं. हस्त लागला, पोरींचा हादगा बसला, पाटावर हत्ती काढून फेर धरून झाले, खिरापती वाटल्या, पण गावाबाहेरच्या ओढ्याला पाणी म्हणून आलं नाही. चित्रा गेलं, स्वाती गेलं. 31 ऑक्टोबरला सरकारनं राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. काही जणांनी कोरड्यातच पेरून ठेवलं होतं, ते बी मुंग्यांनी नेलं. आम्ही पेरलंच नाही. भाऊजी म्हणाले, "घरातलं बियाणं तरी राहू दे."

आता हजेरीपटाचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की मी पहिल्या दिवशी हजेरी घेताना मनातून घाबरलेली असते. हस्त पडलेला असला की बहुतेक पोरं हजर असतात. रानात काम असतं, हातात दोन पैसे येणार असतात, आई-बाप गावात थांबतात. हस्त हुकला की ऊसतोडीचा मुकादम दारात येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्याची उचल ठरते, आणि दिवाळीचा फराळ संपायच्या आत ट्रक भरून टोळ्या साखर कारखान्यांच्या गाळपाला निघतात. पोरं बरोबर जातात. मोठी पोरगी धाकट्याला सांभाळायला हवी असते, म्हणून तिचं नाव सर्वांत आधी गळतं. हंगामी वसतिगृहाची सोय करता येते, आम्ही करतोही, पण सहा-सात वर्षांचं लेकरू आईनं मागं ठेवायला तिचं काळीज तेवढं घट्ट हवं. 2018 च्या नोव्हेंबरात माझ्या तिसरीच्या वर्गात मधले बाकच्या बाक रिकामे झाले. एक मुलगी जाताना पाढ्यांचं पुस्तक मागायला आली. मी दिलं. ती कुठल्या कारखान्यावर गेली ते मला पुढं कितीतरी दिवस कळलं नाही.

गावात राहिले ते जनावरांपायी. कडबा संपला. शाळू नाही म्हणजे नुसतं धान्य नाही असं नव्हे, वैरण नाही. हे शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे ज्वारीच्या पिकात कडब्याची किंमत दाण्याच्या बरोबरीनं धरतात, एखाद्या वर्षी जास्तच. खिलार बैलजोडी सांभाळणाऱ्याला पोरांच्या जेवणाआधी बैलांच्या दावणीची काळजी. उन्हाळ्यात चारा छावण्या लागल्या. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, सत्तरीच्या पुढच्या, त्या दोन म्हशी आणि एक गाय घेऊन छावणीत राहिल्या. उसाचे वाडे खाऊन म्हशींचं दूध आटलं. आत्यांनी 1972 चा दुष्काळ बघितलेला, खडी फोडलेली, मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाल्लेली. त्या म्हणाल्या, "बहात्तरला माणसांना खायला नव्हतं, पाणी होतं. आता दुकानात सगळं हाय, आडात पाणी न्हाई."

दुष्काळ आणि मंगळवेढा यांचं नातं फार जुनं. पंधराव्या शतकात इथं बहामनी राजवटीत दामाजीपंत अधिकारी होते. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली, ही कथा महाराष्ट्रात घराघरांत ठाऊक आहे. बाहेरचे लोक त्यातला चमत्कार लक्षात ठेवतात. मला त्यातलं कोठार महत्त्वाचं वाटतं. लोकांना वाटता येईल एवढं धान्य एका ठिकाणी साठलेलं होतं, कारण हा मुलूख चांगल्या सालात पोटाला पुरून उरेल एवढी ज्वारी पिकवत होता. आजही मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. इथली मालदांडी पांढरीशुभ्र, टपोरी, भाकरी गोड आणि दुसऱ्या दिवशीही मऊ. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेलं एम 35-1 हे वाण 1930 च्या दशकातलं आहे आणि आजही पेरलं जातं. राहुरीच्या विद्यापीठानं पुढं हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा अशी वाणं दिली. 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनाचा कागद असो की नवं वाण, मातीत ओल असल्याशिवाय त्यातलं काही उगवत नाही.

2019 चा ऑगस्ट मी विसरणार नाही. उन्हाळ्यात उजनी धरण उणे पातळीत गेलेलं, आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पुणे जिल्ह्यातल्या पावसानं ते भरलं. वरून पाणी सोडलं, भीमेला पूर आला, पंढरपुरात चंद्रभागेचा घाट पाण्याखाली गेला. तिकडं सांगली-कोल्हापूर बुडत होतं. आणि त्याच सांगली जिल्ह्यातल्या जत-आटपाडीत, आमच्या मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या गावांत टँकर चालू होते. आमच्या तालुक्याच्या एका अंगाला नदीकाठची घरं रिकामी करत होते आणि दुसऱ्या अंगाला बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. नदीला पूर आला म्हणजे दुष्काळ हटला, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते दृश्य बघायला हवं होतं. ते पाणी आमच्या आभाळातून पडलेलं नव्हतं. आमच्या भेगा उघड्याच होत्या.

सप्टेंबरच्या अखेरीस सरी सुरू झाल्या. ऑक्टोबरमध्ये विधानसभेच्या निवडणुकीची धामधूम होती, मतदान 21 तारखेला. आम्हा शिक्षकांच्या नेमणुका केंद्रांवर लागलेल्या. त्या आठवड्यात जो पाऊस धरला तो आमच्या हक्काचा पाऊस होता. पत्र्यावर एवढा आवाज, की बोललेलं ऐकू येईना. रात्री दोनदा भाऊजी बॅटरी घेऊन रानात जाऊन आले. परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. "भेगा पाणी पितायत. नुसता गडगड गडगड आवाज येतोय आत," म्हणाले. सकाळी मीही गेले. दरवर्षीप्रमाणे पाडलेल्या वाफ्यांत पाणी थांबलं होतं आणि जिथं मे महिन्यात माझी चप्पल भेगेत गेली होती, तिथं माती मिटून लोण्यासारखी झाली होती. बांधावर आत्या उभ्या होत्या. त्या पावसाबद्दल काही बोलल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बियाण्याला गंधक आणलाय का?" पेरणीआधी बियाण्याला गंधक चोळला नाही, तर कणसाला काणी लागते. म्हणजे त्यांच्या लेखी दुष्काळ संपला होता आणि काम सुरू झालं होतं.

पण पाऊस थांबेना. अरबी समुद्रात आधी 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' अशी चक्रीवादळं झाली आणि नोव्हेंबर उजाडला तरी आभाळ उघडेना. राज्यभर काढणीला आलेलं सोयाबीन जागेवर कुजलं, कापूस भिजला. इथं मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण या लेखात मी पावसाचं स्वागत करते आहे आणि त्याच पावसानं रडवलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. आमच्या शेजारच्या सांगोल्यात डाळिंबाचा हस्त बहार याच दिवसांत फुलोऱ्यात असतो. सततच्या ओलीनं फुलं गळतात, तेल्या रोग पसरतो. पंढरपूर भागातल्या द्राक्षबागांत याच सुमारास छाटणीनंतरचे कोवळे घड असतात आणि डाऊनी रोग एका रात्रीत बाग नेतो. माझ्या सख्ख्या बहिणीची बाग आहे. ती रडत होती आणि मी पेरणीची तयारी करत होते. एकाच आभाळाखाली दोघींचं असं व्हावं, याला उपाय मला सापडलेला नाही. तिनं कर्ज काढून बाग लावली ती हस्त दरवर्षी फसवतो म्हणूनच. ज्या पावसावर भरवसा राहिला नाही म्हणून माणसं शाळू सोडून बागेकडे वळली, तोच पाऊस परत आल्यावर त्यांना मारतो.

शाळूची पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या महिन्यात व्हावी अशी शिफारस आहे. आमची नोव्हेंबरात गेली, कारण वाफसा येत नव्हता. वाफसा म्हणजे मातीतली ओल आणि हवा यांचा असा मेळ, की बी रुजेल पण कुजणार नाही आणि फणाला चिखल चिकटणार नाही. तो ओळखायला यंत्र लागत नाही. भाऊजी रोज सकाळी वितीभर खोल उकरून मूठभर माती घ्यायचे, दाबून तिचा गोळा करायचे आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचे. गोळा थापटून तसाच बसला तर अजून पाणी जास्त. पडताक्षणी फुटून विस्कटला की वाफसा. ज्या दिवशी तो फुटला त्या दिवशी गावात एकही तिफण आणि ट्रॅक्टर मोकळा नव्हता. आम्ही भावकीतली बैलांची तिफण आणली. चाड्यावर मूठ आत्यांनी धरली. तीन बोटांच्या फटीतून एका लयीत बी सोडायचं, बैल अडखळला तरी हात अडखळता कामा नये. एकरी चारेक किलो बी, ना दाट ना विरळ. दर सहा ओळी ज्वारीनंतर तीन ओळी करडई. मी पलीकडच्या बाजूनं चालत होते आणि त्यांची मूठ बघत होते. माझ्या मुठीतून अजून तसं बी पडत नाही.

पेरून झाल्यावर पुढची सगळी लढाई साठवलेली ओल टिकवायची. पीक तीन आठवड्यांचं झालं की पहिली कोळपणी, पाच आठवड्यांनी दुसरी, आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं तिसरी. तण काढणं हे त्याचं निम्मं काम. उरलेलं निम्मं भेगा बुजवण्याचं. थंडीत जमीन वाळत जाते तशा भेगा पुन्हा उघडायला लागतात आणि त्यातून ओल उडून जाते. वरचा थर भुसभुशीत करून त्या दाबल्या की ओल आत राहते. आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात, एक कोळपणी अर्ध्या पाण्याच्या बरोबर. हे खरं आहे, मी आमच्याच रानात कोळपलेला आणि राहून गेलेला असे दोन तुकडे शेजारी शेजारी बघितलेत.

आणि मग ती थंडीतली एखादी सर. मार्गशीर्षात, नाताळच्या आगेमागे, बंगालच्या उपसागरात काही हललं की दोन दिवस ढगाळतं, गारठा एकदम कमी होतो आणि रात्रीतून पंधरा-वीस मिलिमीटर पडून जातो. एरवी हा आकडा वर्तमानपत्रात कोपऱ्यातही येत नाही. पण माझ्या चौथीच्या गणितानं वीस मिलिमीटर म्हणजे एकरी आठ टँकर. शाळू तेव्हा पोटरीत असतो, कणीस पानांच्या आत भरत असतं आणि पिकाला सर्वांत जास्त पाणी त्याच वेळी लागतं. ज्याच्याकडे विहीर आहे तो नेमकं तेव्हाच एक पाणी देतो. ज्याच्याकडे नाही त्याला ही सर देते. ती नाही आली आणि जमीन तळापर्यंत वाळली, की पुढं खडखड्या लागतो. खोड आतून पोकळ होतं, दाणा भरायच्या आत ताट आडवं पडतं, आणि सगळं रान तुडवल्यासारखं दिसतं. म्हणून त्या रात्री लोक जागे असतात. हीच सर फेब्रुवारीत, दाणा पक्व झाल्यावर आली, तर मात्र ज्वारी काळी पडते आणि बाजारात तिला कुणी हात लावत नाही. स्वाती पडलं तर माणिकमोती पिकतात, असं जुनी माणसं म्हणतात. मोत्यांना वेळ सांभाळून पाणी लागतं, एवढंच त्यात मला घालावंसं वाटतं.

या सगळ्यातून एक मागणी माझ्या मनात पक्की झाली आहे आणि ती मी ग्रामसभेत मांडत आले आहे. आमच्या गावाचा पाऊस जून ते सप्टेंबरच्या बेरजेवर मोजू नका. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेत खरिपाचा दुष्काळ 30 ऑक्टोबरपर्यंत आणि रब्बीचा 31 मार्चपर्यंत जाहीर करावा असं आहे. महसुलात रब्बीची गावं वेगळी धरलेली आहेत, त्यांची पैसेवारीही मार्चमध्ये अंतिम होते. कागदावर हे ठीक दिसतं. पण मार्चमध्ये दुष्काळ कळून आम्हाला काय उपयोग? कोयते नोव्हेंबरात निघून गेलेले असतात. जुलैत तीन दांडगे पाऊस झाले की तालुक्याची टक्केवारी चांगली दिसते. ते पाणी उघड्या रानावर पडतं, बरंच वाहून जातं, उरलेलं उडून जातं, आणि पुढं हस्त कोरडा गेला तर त्या टक्केवारीवर एक भाकरीही होत नाही. पेरणीच्या वेळी मीटरभर खोल किती ओल आहे, हे ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला गावोगाव मोजावं. मोजायची साधनं आहेत, कृषी खात्याची माणसं आहेत. ओल नसेल तर त्याच महिन्यात गावात रोजगार हमीचं काम आणि वैरणीची सोय सुरू करावी. मुकादमाच्या आधी सरकारी माणूस दारात आला, तर माझ्या वर्गातली निम्मी पोरं थांबतील, याची मला खात्री आहे.

2019 चा उशिरा पेरलेला शाळू लष्करी अळीनं थोडा खाल्ला, पण जमिनीत ओल इतकी होती की पीक सावरलं. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्या-दंवात ताटं पुरुषभर उंच झाली. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात काढणी लागली. आमच्याकडे शाळू मुळासकट उपटतात, खोल काळीतून ताट उपसताना कंबर मोडते, आणि मजूर मिळत नाहीत म्हणून घरातली सगळी माणसं ओळीला लागतात. एकरी पाच पोत्यांचा उतार पडला, कडब्याचं मोठं बुचाड रचलं. म्हशींच्या दावणीत आमच्या रानातला कडबा पडला, तेव्हा आत्या बराच वेळ तिथं बसून होत्या.

मळणी उरकली आणि कोरोनामुळे 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. पुण्या-मुंबईत रिक्षा चालवणारी, हॉटेलांत, बांधकामांवर काम करणारी आमची माणसं मिळेल त्या वाटेनं गावाकडे आली. कामधंदा बंद, हातात पैसा नाही, पण कणगीत ज्वारी होती. ज्यांच्या रानात पिकली नव्हती त्यांना भावकीनं पायल्या मोजून दिल्या. आमच्या घरून चार पोती गेली आणि त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आधीच्या वर्षी हाच रोग आला असता तर, हा विचार मी करते तेव्हा अंगावर काटा येतो.

ऊसतोडीच्या टोळ्या मात्र कारखान्यांवर अडकल्या. 2018 ला घेतलेली उचल फिटली नव्हती म्हणून काही घरांना 2019 लाही जावं लागलं होतं, पाऊस पडूनसुद्धा. एका सालच्या दुष्काळाची फेड दुसऱ्या चांगल्या सालातही चालू राहते, ती अशी. एप्रिलच्या मध्यावर सरकारनं परत यायची परवानगी दिली. आमच्या शाळेत विलगीकरणाची सोय केली होती आणि माझ्या तिसरीच्या वर्गात दोन कुटुंबं राहिली. त्यातल्या एकात ती पाढ्यांचं पुस्तक नेलेली मुलगी होती, आता अंगानं थोराड झालेली. रोज दुपारी गावातल्या आळीपाळीनं ठरलेल्या घरांतून भाकरी आणि आमटी फाटकापाशी ठेवली जायची. मी लांबूनच तिला विचारलं, पाढे कुठवर आले? तिनं सोळापर्यंत म्हणून दाखवले. मग म्हणाली, "बाई, आमच्या रानात औंदा पेरलं न्हवतं. पुढल्या हस्ताला पेरायचं म्हणतोय आबा. मग मी हितंच ऱ्हाणार."

तिच्या आबांना मी आमच्यातलं दहा किलो बी बाजूला काढून ठेवल्याचं सांगितलं, आणि जुलैत वाफे पाडून घ्यायला भाऊजींचा सारा न्या म्हणाले. त्यांनी तो नेला.